कडेची उंची

सकाळी कामावर निघताना उंबरठ्याच्या लाकडाची सल पायाच्या अंगठ्यात गेली आणि मी ओरडलो. फार लागलं होतं अशातला भाग नाही. पण आतल्या खोलीतून आवाज आला, "लागलं का हो जावईबापू?" आणि त्या आवाजाने मी पेटलो. काळजीचा आवाज मला ओळखता येतो. बायको होती तोवर तो रोज कानावर पडायचा. हा तो नव्हता. चष्म्याच्या दुकानात माझ्या हातून काच निसटून फुटली की शेजारचा घड्याळवाला मान लांब करून "गेली का?" विचारतो, त्या जातीचा हा आवाज होता. मी दारातच बसलो, खिशातला बारीक चिमटा काढला आणि सल उपसायला लागलो. चष्म्याचे स्क्रू उचलायचा तो चिमटा. सल निघाली तेव्हा तिच्याबरोबर रक्ताचा एक थेंब आला आणि मला एकदम असं वाटलं, की हे घर मला दातांनी चावायला लागलंय.

तिथेच बसल्या बसल्या मी तो उंबरठा पहिल्यांदा नीट पाहिला. इतकी वर्षं ओलांडला, पण पाहिला कधीच नव्हता. चौकटीच्या दोन्ही उभ्या लाकडांपाशी तो चांगला उंच होता, धारदार कोपऱ्यांचा. मध्ये मात्र वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखा खोलगट झाला होता, इतका की मधोमध तो जवळजवळ फरशीला टेकला होता. तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळपट, आणि त्याच्या कडेला तंतू सुटून वर आलेले. दाराखालून उजेड यायचा, पाऊस झाला की पाणी यायचं, झुरळं तर आमंत्रण दिल्यासारखी यायची. हे सगळं खरं होतं. उंबरठा बदलायची ही कारणं कुणालाही पटली असती. मीही ती स्वतःला त्याच क्रमाने सांगितली.

मी या घरात राहायला आलो तो घरजावई म्हणून. हा शब्द माझ्या तोंडावर कुणी उच्चारला नाही, पण पाठीमागे किती जणांनी किती वेळा उच्चारला ते माझ्या पाठीला माहीत आहे. सासरे आधीच गेलेले, सासूबाई एकट्या, बायको एकुलती एक. "आईला सोडून मी येणार नाही," असं ती लग्नाआधीच म्हणाली होती आणि मला त्या वयात ते फार गोड वाटलं होतं. सासूबाईंनी मला कधी एकेरी हाक मारली नाही. अहो, तुम्ही, जावईबापू. पहिलं ताट माझं, पहिला चहा माझा. या मानपानात त्यांनी मला असं काही बांधून ठेवलं, की पाहुणा जसा कितीही दिवस राहिला तरी पाहुणाच, तसा मी. घरात खिळा ठोकायचा तरी त्या म्हणायच्या, "तुम्ही कशाला त्रास घेता? बोलावू कुणाला तरी." बायको आमच्या दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायची, जे सांगण्यासारखं नसेल ते मधल्या मध्ये गिळायची. ती गेल्यावर आमच्या दोघांमध्ये काहीच उरलं नाही. एक स्वयंपाकघर उरलं आणि ही चौकट उरली. मी निघून जायला हवं होतं. पण मी निघून गेलो असतो तर त्या जे बाहेर सांगत होत्या ते खरं ठरलं असतं.

कारण त्या बाहेर सांगत होत्या. रोज. मी कामावर निघालो की त्यांची तयारी सुरू व्हायची. गुडघ्यांनी दगा दिलेला, उजवा पाय उचलतच नाही, तरी वॉकर घेऊन त्या दाराशी यायच्या. वॉकरचे पुढचे पाय त्या खोलगट भागातून पलीकडे सरकवायच्या, मग डावा पाय, मग उजवा नुसता ओढत, गुळगुळीत लाकडावरून घसरू देत. झालं, बाई बाहेर. तिथून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यापर्यंत. कट्ट्यावर कंपाउंडरची बायको असायची, समोरच्या इमारतीतली शिवणकाम करणारी असायची, भाजी घेऊन परतणाऱ्या दोघीतिघी थांबायच्या. आणि मग ते वाक्य. मी एकदा छत्री विसरलो म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो तेव्हा ते माझ्या कानांनी ऐकलं. "संध्याकाळीच नेलं असतं तर माझी पोर वाचली असती. पण यांना जेवून झोपायचं होतं." बायकांना मी दिसलो. कंपाउंडरच्या बायकोने पदराने तोंड पुसलं, जणू तिनेच काही खाल्लं होतं. मी छत्री घेतली आणि गेलो. त्या दिवशी मी दोन चष्म्यांच्या काचा उलटसुलट बसवल्या. मालक म्हणाले, "लक्ष कुठाय?" लक्ष कट्ट्यावर होतं. तेव्हापासून ते तिथेच आहे.

हे धडधडीत खोटं आहे. बायकोच्या पोटात दुखतंय हे मला त्या संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, सकाळी जाऊ, आता बरं वाटतंय. ती म्हणाली, मी नाही. सकाळी नेलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि "काल आणायला हवं होतं" असं म्हणून ते आत गेले. हे वाक्य ऐकायला सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते उचललं, घरी आणलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि कट्ट्यावर मांडलं. त्या वाक्याच्या अलीकडचं पलीकडचं काही नाही, नुसतं ते. सगळी गल्ली माझ्याकडे आता त्याच काचेतून पाहते. मी दूध घ्यायला गेलो तर दूधवाला माझ्या हातात पिशवी देतो आणि नजर दुसरीकडे वळवतो. मला या बाईचा राग येत नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला बजावत होतो. मला राग येतो. त्यांच्या वॉकरच्या आवाजाचा येतो, त्यांच्या खोकल्याचा येतो, पाणी पिताना त्यांच्या गळ्यात जी हालचाल होते तिचाही येतो.

सुतार आला तो रविवारी, घाईत. त्याला दुसरीकडे कुठेतरी कपाटाची दारं बसवायची होती आणि आमचं काम त्याने मधेच कोंबलं होतं. त्याने चौकटीच्या दोन्ही बाजूंना करवत घातली, पटाशी लावून जुनं लाकूड उचकटलं, आणि ते निघालं तेव्हा खालची माती, मेलेल्या किड्यांची कवचं, केसांचा एक गुंता, कुठल्या तरी खेळण्याचं चाक असं सगळं उघड्यावर आलं. दाराची चौकट खालून रिकामी झाली. आतली जमीन आणि बाहेरची जमीन एकमेकींना सरळ भिडली आणि मला विचित्र धास्ती वाटली, आता कुणीही आत येईल. सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. रेडिओ बंद होता. त्या ऐकत होत्या हे मला भिंतीतून कळत होतं. सुताराने टेप काढली. आधी एका टोकाशी लावली, मग मध्ये लावली, आणि कानावरची पेन्सिल काढून म्हणाला, "उंची कुठली धरू?"

"म्हणजे?"

"मधली धरली तर आत्ता होता तसाच राहील. कडेची धरली तर पहिल्यांदा बसवला असेल तेवढा होईल. पाणी अडवायला कडेचीच बरी. पण पायांना मधलीची सवय असते. काय करू ते सांगा, लाकूड कापायचंय."

 तो विचार त्याच क्षणी आला, की आधीपासून माझ्यात होता आणि सुताराने नुसतं त्याचं माप विचारलं, ते मला अजून ठरवता येत नाही. मला तो उजवा पाय दिसला. फरफटत येणारा, तळव्याची कड झिजलेल्या चपलेतला. तो नव्या लाकडाला आपटतोय आणि वर चढत नाहीये. पुढे कोपऱ्यावरचा कट्टा रिकामा. मी म्हणालो, "कडेची धरा." आवाज मुद्दाम मोठा लावला नव्हता, पण लहानही केला नव्हता. सुतार म्हणाला, "तुमचं घर. तुम्ही म्हणाल तसं." या घराला माझं घर म्हणणारा तो पहिला माणूस. मला त्याला चहा द्यावासा वाटला, पण त्याला वेळ नव्हता. दुपारपर्यंत नवा उंबरठा बसला. पिवळट, कोरा, कोपरे हाताला टोचतील असा. वीतभर नाही, पण त्याच्या आसपास. जुनं लाकूड सुताराने सरपणाला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायला मुद्दाम उशीर केला. बुटांना पॉलिश करत बसलो. वॉकर आला. ठक, फरफट, ठक, फरफट. दाराशी थांबला. सासूबाईंनी वॉकर उचलून पलीकडे ठेवला, तो बाहेर खाली गेला आणि वाकडा उभा राहिला. त्यांनी तो परत आत घेतला. मग डाव्या पायाने अंदाज घेतला. डावा चढला असता, पण मग सगळा भार उजव्यावर आला असता, आणि तो भार उजवा घेत नाही हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी उजव्या चपलेचं टोक लाकडाला लावलं. तसंच ठेवलं. मी ब्रश चालवत राहिलो. त्या माझ्याकडे वळून पाहतील, काहीतरी म्हणतील, मदत मागतील असं मला वाटत होतं, आणि मागितली तर काय उत्तर द्यायचं तेही मी योजून ठेवलं होतं. त्यांनी मागितली नाही. वॉकर वळवला आणि आत गेल्या. मला आनंद झाला. लपवण्यासारखा नव्हे, छातीत मावेना असा आनंद. दुकानात मी काच घासायच्या चाकावर काच धरली आणि शिट्टी वाजवायला लागलो. मालक म्हणाले, "काय हो, लग्न ठरलं की काय?" मी चक्क हसलो. बायको गेल्यापासून दुकानात मी पहिल्यांदा हसलो असेन.

गल्लीतही पडसाद उमटले. कंपाउंडरच्या बायकोने मला गाठलं. "सासूबाई दिसत नाहीत हल्ली?"

"पाय दुखतात त्यांचे."

"येऊन जाते एकदा."

"या की," मी म्हणालो. ती आली नाही. लोकांना कट्ट्यावर पुढ्यात आणून दिलेलं ऐकायला आवडतं, कुणाच्या घरी जाऊन ऐकण्याइतकी गरज कुणाला नसते. काही दिवसांत कट्ट्यावर दुसरा विषय आला, कुणाच्या तरी मुलीने परस्पर नोकरी सोडल्याचा. दूधवाला माझ्याकडे पाहून "काय साहेब" म्हणाला. सगळं माझ्या मनासारखं होत होतं. एक मात्र होतं, की त्या उंबरठ्याला मी स्वतः ठेचकाळत होतो. रोज संध्याकाळी. डोक्याला माहीत असायचं, पायाला नसायचं. पाय जुन्या खोलगट भागाच्या विश्वासावर पुढे पडायचा आणि बोटं कचकन आपटायची. मी मनातल्या मनात शिव्या घालायचो, पण सुतारालाही नाही आणि स्वतःलाही नाही. आपोआप सासूबाईंनाच.

मग एका संध्याकाळी मी जेवायला बसलो असताना त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन खुर्चीवर बसल्या. असं त्या कधी करत नसत. माझं ताट वाढून झाकून ठेवायचं आणि आपण खोलीत जायचं, असा आमचा न बोललेला करार होता. मी घास थांबवला. त्या म्हणाल्या, "जेवा तुम्ही. मी नुसतं बोलणार आहे." आणि त्या बोलायला लागल्या. हळू, सरळ, अहोजाहोने. "संध्याकाळीच नेलं असतं तर ती वाचली असती. तुम्ही आलात तेव्हा दिवे लागायचे होते. रिक्षा मिळाली असती." मी म्हणालो, "ती स्वतः म्हणाली, सकाळी जाऊ." त्या म्हणाल्या, "म्हणाली ना. तुम्हाला बघून म्हणाली. दारात चपला काढतानाच तुमच्या तोंडावर लिहिलेलं असायचं, आता मला कुणी काही सांगू नका. ती ते वाचायची. माझी पोर हुशार होती वाचायला." मी ताट सरकवलं आणि उठलो. त्यांनी अडवलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी खुर्ची पुन्हा तिथेच. तिसऱ्या संध्याकाळीही. जे सगळं सकाळभर कट्ट्यावर सांडून यायचं ते आता दिवसभर घरात साचत होतं आणि माझ्या ताटाभोवती येऊन उभं राहत होतं. त्यांच्या बोलण्यात शिवी नसायची, रडणं नसायचं, आवाज चढत नसे. चढला असता तर मलाही चढवता आला असता. "तुम्ही", "तुम्हाला", "तुमचं". प्रत्येक शब्दामागे मान, आणि मानाखाली सुरी.

मी बाहेर जेवून यायला लागलो. त्या जाग्या असायच्या. मी खोलीचं दार लावून घेतलं तर दाराबाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. आणि खरं सांगायचं तर मी कानात बोटं घातली नाहीत. कारण त्या अधूनमधून मला माहीत नसलेलं काहीतरी सांगायच्या. त्या दिवशी दुपारी बायकोने माझा निळा शर्ट इस्त्री केला होता, पोटाला एक हात लावून. संध्याकाळी मी दिसतोय का ते बघायला ती दारात येऊन उभी राहिली होती, त्या खोलगट उंबरठ्यावर, दोन्ही पाय जवळ घेऊन. "मी म्हटलं, पडशील, आत ये. तर म्हणते, येतील आता." हे ऐकून मी दाराआडून ओरडलो, "खोटं आहे!" त्या बाहेरून शांतपणे म्हणाल्या, "असू दे. ऐका तरी." त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. त्यांच्याकडे माझी बायको होती, शेवटच्या दिवसाची, सबंध, आणि त्या मला ती तुकड्या-तुकड्याने देत होत्या, आणि प्रत्येक तुकड्याला सुरीची धार होती.

शेवटी मी दार उघडलं आणि तोंडावर विचारलं, "तुम्हीही होतात ना घरात? दुपारपासून होतात. तुम्ही का नाही नेलंत?" मला वाटलं, हा घाव बसेल. त्या खुर्चीतून पडतील किंवा माझ्या अंगावर वॉकर फेकतील. त्यांनी वॉकरच्या दांड्यावर अंगठा घासला. मग म्हणाल्या, "मी म्हटलं तिला, ते येऊ देत. त्यांना न विचारता कसं जायचं. तुमचा मान राहायला नको का?" एवढं बोलून त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. मी तसाच उभा. आतून पलंगाचा आवाज आला.

रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी गेलो. मला आता एवढंच हवं होतं, की या बाईने बाहेर जावं. कट्ट्यावर जावं, गल्लीला सांगावं, वाटेल ते सांगावं, दूधवाल्याने नजर वळवावी, माझी हरकत नाही. मी म्हणालो, "सुताराला बोलावतो. उंबरठा तासून घेऊ."

"नको."

"तुम्हाला बाहेर जाता येत नाही."

"ते तुम्ही ठरवलंत तेव्हा मी इथेच होते. कडेची धरा म्हणालात, ऐकलं मी."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी पुढे झालो आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, त्यांच्यासमोर हात पुढे केला. "चला, मी बाहेर सोडतो. रोज सकाळी सोडीन, कट्ट्यापर्यंत. परत आणायलाही येईन." माझा आवाज मलाच ओळखू येईना. विनवणीचा होता तो. सासूबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, काचेची भुकटी नखांत बसलेल्या हाताकडे, आणि तो घेतला नाही.

"बाहेर जाऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "बाहेर मला अर्धंच सांगता येतं. तुम्ही घरी आलात तिथून पुढचं. त्याच्या आधीचं, मी तिला बसवून ठेवलं ते, मी कुणाला सांगू? त्या बायका दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलणार नाहीत. ते ऐकायला तुम्हीच लागता, जावईबापू. आणि तुमचं ऐकायला मी." त्यांनी पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. "हात खाली घ्या, दुखेल. बसा. दुपारी तिने चहा नको म्हटलं, तिथपर्यंत झालं होतं ना आपलं?"

बाहेरचं दार उघडं होतं. गल्लीतून कुणीतरी हसत गेलं. मी खुर्ची ओढली आणि बसलो.